माकडांसाठी लावलेला रेडिओ

पांढुर्ण्याची माणसं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांना दगड मारतील, पण माकडाला दगड मारणार नाहीत. मारतील कसे? शनिवारी जामसांवलीला जाऊन ज्या मारुतीपुढे नारळ फोडायचा, त्याच्याच फौजेवर रविवारी दगडफेक करायची, हे देवाला तरी कसं चालेल? म्हणून इकडच्या संत्रा-बगीचेवाल्यांनी एक तोड काढली होती. एक रेडिओ घ्यायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, संत्र्याच्या झाडाला टांगायचा आणि सकाळी लावून द्यायचा. माणूस बोलतोय असं वाटलं की माकडं लांब राहतात. गाण्यांना ती फारशी भीत नाहीत. बोलण्याला भितात, आणि रागावलेल्या बाईच्या बोलण्याला सगळ्यांत जास्त. यात माकडांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

ती रागावलेली बाई म्हणजे अनुराधा. पांढुर्ण्याच्या 'बगीचा रेडिओ'वर सकाळी सहा ते नऊ तिचा 'उठा जी' हा कार्यक्रम अकरा वर्षं चालला. आवाज जाडाभरडा. शाळेत असताना प्रार्थनेच्या रांगेत गुरुजींनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पण रेडिओवर तोच आवाज लोकांना घरच्यासारखा वाटला. "काऊन जी तिगाववाले, अजून अंथरुणातच हा का? सूर्य तुमच्या बगीच्यात येऊन बसला, आन् तुमी?" अशी तिची सुरुवात. मग छिंदवाड्याची बस कधी आहे, नागपूरची गाडी किती लेट आहे, पंपाची लाइन आज किती वाजता येणार, कोणाची गाय हरवली, कोणाची सापडली. मधेमधे एखादं गाणं, आणि पुन्हा झापणं. बाजारात लोक तिला अडवून विचारत, "आज आमच्या गावाले काऊन नाही बोलल्या जी? काही चुकलं का आमचं?"

तिचा थोरला भाऊ गुणवंता तिगावला राहायचा. रेल्वे स्टेशनपलीकडे त्याचा साडेतीनशे झाडांचा बगीचा. झाडाला रेडिओ टांगण्याची सुरुवात या भागात त्यानंच केली, पण माकडांसाठी नाही. अनुराधाचा कार्यक्रम पहिल्यांदा लागणार होता, त्या दिवशी त्यानं नवा रेडिओ आणला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून झाडाला टांगला आणि शेजारपाजारचे पंधरा-वीस जण गोळा केले. "मायी बहीन होय हे," असं तो दर वाक्याला सांगत होता, त्यामुळे वाक्य कोणालाच धड ऐकू आलं नाही. माकडं पळतात हे नंतर कळलं. अनुराधाला ही आठवण फार प्रिय होती. आपला पहिला श्रोता आपला भाऊ, असं ती कोणालाही सांगायची.

'बगीचा रेडिओ' होता भैय्याजींचा. भैय्याजी म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मालक. जिनिंगच्या ऑफिसवर दोन खोल्या बांधून त्यांनी हौसेनं स्टेशन काढलं होतं. दर वर्धापनदिनाला ते अनुराधाच्या हातावर पेढा ठेवून म्हणत, "अनूबाई, तू हायेस तवर हे स्टेशन हाय. लिहून घे." तिनं लिहून घेतलं नाही. विश्वासाच्या माणसाकडून कोणी लिहून घेतं का?

यंदाच्या जुलैत एका सकाळी ती आली तेव्हा जिन्यावरची पाटी उतरवलेली होती. इंदूरच्या एका कंपनीनं 'बगीचा रेडिओ' विकत घेतला होता. सौंसरचं स्टेशनही त्याच आठवड्यात घेतलं होतं. भैय्याजींनी सौदा उन्हाळ्यातच केला होता आणि वर्धापनदिनाचा पेढा त्यानंतर दिला होता, हे तिला चहावाल्याकडून कळलं.

कंपनीचे वीरेंद्र सर आले. हसतमुख माणूस. त्यांनी पांढुर्ण्याच्या अकरा आणि सौंसरच्या नऊ जणांना एकत्र बसवलं आणि गोड हिंदीत सांगितलं की आता सगळे कार्यक्रम इंदूरहून येतील. यंत्रं बघायला दोन माणसं पुरेत. आणि सकाळचे दोन तास स्थानिक माणसाच्या आवाजाला मिळतील. म्हणजे दोन गावांत मिळून एकच बोलणारा. कुठला? ज्या गावचा रेडिओ लोक जास्त ऐकतात तिथला. सर्व्हे होईल, त्यावर ठरेल. वीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग कोणीच कोणाकडे पाहिलं नाही.

अनुराधा मात्र निर्धास्त होती. तिच्या नवऱ्यानं दोनदा विचारलं तेव्हा ती त्यालाच हसली. सौंसरच्या रेडिओवर सकाळी बोलणाऱ्या पोराचा आवाज गोड होता खरा, पण तिचे रेडिओ झाडाझाडाला लटकलेले होते. तरीही एका रविवारी ती तिगावला गेली आणि भावाला समोर बसवून, तिसरीतल्या पोराला समजवावं तसं समजावलं.

"दादा, पोळा झाल्यावर एक पोरगी येईन सर्व्हेची. इचारन, रेडिओ कोन ऐकते? खरं तेच सांगजो, का आम्ही ऐकतो. मायी नोकरी हाय त्याच्यावर."

"हे का सांगा लागते का वो?" गुणवंता म्हणाला. "साऱ्या शिवाराले सांगून ठेवतो. तू बिलकुल टेन्शन नको घेऊ."

पोळा झाला, दगड मारून झाले, डोकी बांधून झाली आणि सर्व्हेची पोरगी आली. चंचल तिचं नाव. दहा दिवस ती जीपमधून गावोगाव फिरली. अनुराधा त्या दहा दिवसांत रोज जरा जास्तच जोरात झापत होती.

सप्टेंबरच्या शेवटी वीरेंद्र सरांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. भैय्याजीही पाहुण्यासारखे खुर्चीवर बसले होते. सरांनी सांगितलं की रेडिओ चालू असण्यात पांढुर्णा पहिला, सौंसरच्या तिप्पट. अनुराधानं सुटकेचा निःश्वास टाकला. "लेकिन," सर म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना. "लेकिन सुनता कौन है, ये आप खुद ही सुन लीजिए." त्यांनी कॉम्प्युटरवर चंचलनं आणलेलं एक रेकॉर्डिंग लावलं. ज्या स्पीकरवर अनुराधा अकरा वर्षं आपला आवाज तपासत होती, त्याच स्पीकरवर.

"ये रेडिओ कौन सुनता है, काका?" चंचलचा आवाज.

"सुनता कौन, मॅडम? बंदर सुनते."

"बंदर?"

"हाव. दीडसौ-दोनसौ बंदर हय. रोज आते. आदमी कोई नही सुनता जी. हम तं सिरफ बंदर के वास्ते लगाते. तुम लिखो बराबर, लय नुकसान हय."

मागून एका बाईचा आवाज काहीतरी म्हणू लागला. "तू चूप वो शांताबाई," असं त्या माणसानं तिला दटावलं, आणि रेकॉर्डिंग संपलं.

"ऐसे एक नहीं, तिगाव के सब बगीचेवाले यही बोले," सर म्हणाले. "मॅडम, फॅन तो आपके बहुत हैं. पर बंदर साबुन नहीं खरीदते."

खोलीत हशा पिकला. सौंसरवाले हसले ते ठीक, त्यांचं काम झालं होतं. पण ज्यांची स्वतःचीही नोकरी जाणार होती ते पांढुर्ण्याचे सहकारीसुद्धा हसले, आणि भैय्याजी तर डोळे पुसेपर्यंत हसले. अनुराधा उभी राहिली.

"सर, हा माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

हसणं थांबलं. सगळे खाली बघू लागले. फक्त भैय्याजी खाकरले. "मंग तं खरंच असन," ते म्हणाले. "घरचा मानूस कायले खोटं बोलन?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणजे ओरडायचीही सोय नाही. त्या रात्री तिनं भावाला फोन केला. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिनं करायचं सोडून दिलं. आपण दुखावलो आहोत हे सांगायलासुद्धा समोरच्यानं फोन उचलावा लागतो.

एक ऑक्टोबरला ती नेहमीसारखी पावणेसहाला स्टेशनवर पोचली. निदान ऐकणाऱ्यांचा निरोप घ्यावा, इतकंच मनात होतं. स्टुडिओला कुलूप होतं. काचेतून दिसत होतं की कॉम्प्युटर आपलाआपण चालला आहे, इंदूरची गाणी येताहेत. तिची खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती आणि खुर्चीच्या पाठीवर तिची शाल तशीच होती. अकरा वर्षं ज्या बाईनं सगळ्या तालुक्याला उठवलं तिला 'येते मी' एवढंही म्हणू दिलं नाही. ती जिन्यात बसली आणि रडली. जिनिंगचे हमाल बाजूनं जात-येत होते, तरी रडली.

(सौंसरच्या पोराला ते दोन तास मिळाले. दिवाळीच्या आत तेही बंद झाले. आता दोन्ही गावांना सकाळी इंदूरचं हवामान कळतं.)

भाऊबीजेला गुणवंता आला. साडी आणि संत्र्यांची पिशवी घेऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. सण आहे, दारात आलेल्या भावाला परत कसं पाठवायचं? तिनं पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. ओवाळताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, दिव्याकडे पाहिलं. त्यानं साडी ताटात ठेवली, करंजी खाल्ली, दुसरी घेतली आणि मग म्हणाला,

"अनू, एक काम होतं वो तुयाकडे."

"बोल."

"थ्या रेडिओवर आता नुसते गाने लागून रायले दिवसभर. माकडं भीतच नाहीत. परवा एक तं रेडिओखाली बसून संत्रं सोलून खात होतं. आंबिया बहाराचा माल तोडाले आला, आन् ह्यायनं झाडायची अर्धी वळ साफ केली." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "मी भोंगा आनला हाय. कार्डावर चालते. तू याच्यात तासभर बोलून दे. काही पन बोल, शिव्या देल्या तरी चालते. तुया आवाजाले भेतेत ते."

अनुराधाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ताट अजून हातातच होतं. ते खाली ठेवून ती म्हणाली, "दादा, थे पोरगी रेडिओची हाय हे तुले माहीत होतं ना?"

गुणवंता करंजीकडे पाहू लागला. "माहीत होतं."

"मंग?"

"अवो, साऱ्या गावात बोंब झाली होती का माकडाच्या नुकसानीचा सर्व्हे आला, फारेस्टचा. सगळ्याइनं नावं लिहून देल्ली. मी सांगतलं त्यायले, रेडिओचा हाय म्हनून. कोनी ऐकेना. मंग मले वाटलं, बाप्पा, खरंच नुकसानीचा निघाला तं आपलंच नाव सुटन."

"आन् मायं सुटलं तं चाललं?"

"मले वाटलं, तुयं भैय्याजी पाहून घेतीन."

भरपाई काही आली नाही, येणारही नव्हती. फारेस्टखात्याला या सर्व्हेचा पत्ताही नव्हता. म्हणजे गुणवंताचं तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती राहिलं धुपाटणं. आता ते धुपाटणं घेऊन तो बहिणीच्या दारात बसला होता. तिला वाटलं, याला हाताला धरून बाहेर काढावं. त्याहून वाईट हे वाटलं की याला आपण काय केलं ते कळलेलंच नाही. कळलं असतं तर हा यायला लाजला असता.

"आन इकडे तो फोन," ती म्हणाली.

आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. चाळीस मिनिटांनी बाहेर आली. गुणवंता चौथी करंजी खात होता. त्यानं फोन घेतला, "लय उपकार झाले वो," म्हणाला आणि निघाला. तिनं काय भरलं ते त्यानं ऐकून पाहिलं नाही. ऐकायची सवय असती तर हा दिवस कशाला आला असता?

आठ-दहा दिवसांनी अनुराधाला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा, वयस्कर आवाज.

"अनुराधाबाई का जी? मी शांताबाई बोलून राहिली, तिगाववरून. तुमच्या भावाच्या बगीच्यात मजुरीले असतो आम्ही. नातसुनेच्या फोनवरून लावला. तुमी परत लागल्या का जी रेडिओवर?"

"नाही, शांताबाई. तो रेडिओ नाही. भोंगा होय तो."

"होय का." बाई थोडी हिरमुसली. "मले वाटलं, तुमी आल्या. आवाज ऐकला तं कसं बरं वाटलं. पन बाई, रोज तेच तेच बोलता जी तुमी. आन् एवढ्या रागात."

अनुराधाच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. रेकॉर्डिंगमधलं भावाचं 'तू चूप वो शांताबाई' तिला आठवलं. "शांताबाई, थे सर्व्हेवाली पोरगी आली, तवा तुमी तिथंच होत्या?"

"होती ना जी, झाडाखालीच होती. मी म्हणत होती तिले का मी ऐकतो, आम्ही आठही बाया ऐकतो. तुमी सहाले 'उठा जी' म्हटलं का आम्ही घरी भाकरी बांधाचो, आन् बसची खबर देल्ली का निंगाचो, बाकीचं बगीच्यात झाडाखाली ऐकाचो. तुमच्या भावानं मले चूप केलं. त्या पोरीनंबी मले नाही इचारलं. मालकालेच इचारत होती."

फोन ठेवून अनुराधा हिशोब करू लागली. आठ बाया एका झाडाखाली. तिगावच्या प्रत्येक बगीच्यात अशा पाच-सहा. कोणी मोजल्या नाहीत. आणि आपण तरी? अकरा वर्षं आपण बगीचेवाल्यांना उठवलं, त्यांच्या बसची, पंपाची, गायीची खबर दिली, आणि ज्या आधीच उठून भाकरी बांधत होत्या त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही. हे तिला फार लागलं. भावावरचा राग त्यानं कमी झाला नाही, पण आता त्याला एकट्यालाच धरून बसता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑटोनं तिगावला गेली. स्टेशन ओलांडायच्या आधीच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. भोंगा गुणवंतानं चांगला मोठा आणला होता.

"ऐकून रायला का गुणवंता? नाही ऐकत? कसा ऐकशील! अकरा वर्षं मी बोलली, तू माकडासाठी लावला म्हणे. मले घास भरवणारा भाऊ तू, आन् मायी भाकर तू माकडाले देल्ली. साऱ्या शिवारानं ऐका, हा मानूस मले म्हणाला होता, टेन्शन नको घेऊ..."

शेजारच्या बगीच्यातली माणसं काम थांबवून तिच्याकडे बघत होती. कोणी हसलं नाही. एकानं हात जोडले आणि लगेच खाली बघितलं. त्यानंही नाव लिहून दिलेलं असणार.

गुणवंता झाडाला पाठ लावून बसला होता. दहा दिवसांत वाळल्यासारखा दिसत होता. झाडं मात्र फळांनी वाकली होती आणि आसपास एकही माकड नव्हतं. तिला पाहून तो उठला नाही.

"रोज सहापासून," तो म्हणाला. "पानठेल्यावर जाता येत नाही मले. पोट्टे तोंडावर म्हणतेत, ऐकून रायला का गुणवंता. तुयी वहिनी आठ दिवस झाले बोलत नाही."

"बंद कर ना मंग."

"बंद करतो तं माकडं येतेत."

तो तिच्याकडे न बघता पुढे म्हणाला, "पहिल्या दिवशी नुसता लावून घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी बसून ऐकला. सगळा. आता तोंडपाठ झाला, अनू." त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "चुकलं मायं. लय चुकलं."

'जाऊ दे' हे शब्द तिच्या तोंडाशी आले होते, पण ते खोटे झाले असते. काहीच जाऊ दिलेलं नव्हतं. शांताबाई आणि तिच्या सोबतच्या बाया टोपल्या ठेवून जवळ आल्या. शांताबाईनं अनुराधाचा हात धरून पाहिला, आवाजाला हात असतात याची खात्री करावी तसा.

"नवीन भरा ना जी काही," शांताबाई म्हणाली. "बसचा टाइम बदलला म्हणतेत. आम्हाले कोन सांगते आता?"

गुणवंतानं घाईनं मोबाइल पुढे केला. "हाव, भर नवीन. आन् त्यातलं मायं नाव..." तो अडखळला. "मायं नाव काढशील का वो आता?"

अनुराधानं मोबाइल घेतला. भोंग्याचं बटण दाबून स्वतःचा जुना आवाज बंद केला. बगीचा एकदम शांत झाला. मग ती शांताबाईच्या शेजारी टोपलीवर बसली, घसा खाकरला आणि अकरा वर्षांच्या सवयीनं पाठ ताठ केली.

"उठा जी शांताबाई," ती म्हणाली. "तुमी तं उठल्याच हा, मले माहीत हाय. सौंसरची बस आता पावणेसातले येते, पाच मिनिटं आधी उभ्या राहजा..."

गुणवंता हळूच उठून निघू लागला. तिनं बोलता बोलताच हात वर केला.

"आन् गुणवंता, तू बस. तुले शेवटपर्यंत ऐका लागते."